प्लास्टिकमधून अन्नात काय उतरतं आणि ते कसं रोखायचं

लोणच्याची प्लास्टिकची बरणी रिकामी झाली की आपण ती गरम पाण्याने घासतो, उन्हात वाळवतो आणि तिच्यात साखर भरतो. चार दिवसांनी साखरेला लोणच्याचा वास येतो. तो वास प्लास्टिकच्या आत मुरलेला असतो आणि तिथून सावकाश बाहेर येत राहतो. हिंग-मोहरी नाकाला कळते म्हणून आपल्या लक्षात येतं. पण त्याच वाटेने थिनर, फवारणीचं औषध, फिनेल, डिटर्जंटमधला सुगंध हेही प्लास्टिकमध्ये मुरतं, आणि बाहेर येताना ते इतकं थोडं असतं की नाकाला पत्ताही लागत नाही.

रिसायकल केलेल्या प्लास्टिकची अडचण इथूनच सुरू होते. भंगारात आलेल्या शंभर डब्यांत कोणी काय ठेवलं होतं, हे कोणालाच ठाऊक नसतं. सगळे डबे दळले, धुतले, वितळवले आणि त्यांचा दाणा, म्हणजे नव्या वस्तूंचा कच्चा माल, पाडला की ते शंभर इतिहास एकाच दाण्यात येतात. त्या दाण्याची बादली किंवा कुंडी झाली तर काही बिघडत नाही. पण त्याचीच पिशवी होऊन तिच्यात गरम रस्सा पडला, तर इतिहासातलं थोडं रश्श्यात उतरतं.

घरातलं सगळं प्लास्टिक एका दिवसात फेकून द्या, असं मी म्हणणार नाही. ज्या भांड्याचं मूळ माहीत नाही, त्यात गरम, तेलकट, आंबट किंवा महिनोन्‌महिने टिकवायचं अन्न ठेवू नका, एवढंच या लेखाचं सांगणं आहे. ते घरात आणि घरगुती उद्योगात कसं पाळायचं, ते आता क्रमाने पाहू.

पहिली पायरी: काय, कशामुळे उतरतं ते समजून घ्या

नव्या, कोऱ्या प्लास्टिकमध्येही नुसतं प्लास्टिक नसतं. ते लवचीक राहावं, उन्हाने तडकू नये, रंग टिकावा म्हणून त्यात बरीच रसायनं मिसळलेली असतात. बनवताना वापरलेल्या उत्प्रेरकाचे, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या पदार्थाचे, अंशही मागे राहतात. पाण्याच्या पारदर्शक बाटल्या ज्याच्या असतात त्या पेट (पीईटी) प्लास्टिकमध्ये अँटिमनी हा धातू सापडतो तो यामुळेच. रिसायकल केलेल्या मालात यात आणखी दोन गोष्टींची भर पडते. एक म्हणजे आधीच्या वापरात मुरलेले पदार्थ. दुसरी म्हणजे प्लास्टिक पुन्हा पुन्हा वितळवल्याने त्याच्या रेणूंची साखळी तुटून तयार होणारे नवे पदार्थ, जे कोणी मुद्दाम घातलेले नसतात आणि म्हणून कोणत्याही यादीत नसतात.

उतरण्याचा वेग ठरतो तो तापमान, वेळ, अन्नाचा प्रकार आणि प्लास्टिकचा प्रकार यांवर. यातलं तापमान सर्वांत बलवान. अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना राज्य विद्यापीठाच्या संशोधकांनी २००८ साली पेट बाटल्यांतल्या पाण्यावर प्रयोग केले. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यात अँटिमनीची मर्यादा लिटरला ६ मायक्रोग्रॅम आहे. ती ओलांडायला ६० अंश सेल्सियसला १७६ दिवस लागतील, ७० अंशांना १२ दिवस आणि ८० अंशांना अवघे २.३ दिवस, असा त्यांचा हिशेब निघाला. वीस अंशांच्या फरकात सहा महिन्यांचं काम अडीच दिवसांवर आलं. म्हणून खोलीत ठेवलेल्या पाण्याच्या बाटलीची मला फार चिंता वाटत नाही, पण मे महिन्यात उभ्या गाडीत तापत पडलेला बाटल्यांचा खोका मी घेणार नाही.

अन्नाच्या बाबतीत तेल सर्वांत जास्त ओढून घेतं. प्लास्टिकमधली बहुतेक रसायनं पाण्यात विरघळायला नाखूश असतात, तेला-तुपात मात्र चटकन जातात. दारूही तशीच वागते. आंबट पदार्थ धातूंचे अंश ओढून काढतात. कोरडे गहू, डाळ, मीठ हे त्या मानाने निरुपद्रवी.

प्लास्टिकच्या प्रकारांतही फरक आहे. पिशव्यांचं पॉलिथिन आणि डब्यांचं पॉलिप्रोपिलिन यांची वीण सैल असते. त्यात पदार्थ लवकर मुरतात आणि लवकर सुटतात. पेटची वीण घट्ट असते. रिसायकल केलेल्या प्लास्टिकपैकी अन्नासाठी पहिला मान पेटला मिळाला, त्याचं मोठं कारण हेच.

दुसरी पायरी: घरातला माल पालथा करून बघा

एक दिवस स्वयंपाकघरातले सगळे डबे, बाटल्या, पिंपं ओट्यावर काढा आणि पालथी करा. तळाला त्रिकोणात १ ते ७ पैकी एक आकडा असतो: १ पेट, २ जाड पॉलिथिन, ३ पीव्हीसी, ४ पातळ पॉलिथिन, ५ पॉलिप्रोपिलिन, ६ पॉलिस्टायरीन आणि ७ म्हणजे इतर सगळं, ज्यात पाण्याच्या मोठ्या जारचं पॉलिकार्बोनेटही येतं.

इथे एक गैरसमज फार पसरला आहे. ‘५ नंबर असेल तर डबा सुरक्षित’ असं बायका एकमेकींना सांगतात. तो आकडा फक्त प्लास्टिकची जात सांगतो. भंगारातून आलेल्या पॉलिप्रोपिलिनच्या डब्यावरही ५ हाच आकडा येतो. अन्नासाठी बनवलेल्या मालावर पेला आणि काटा अशी खूण असते, निर्मात्याचं नाव असतं. खूण आहे पण नाव-पत्ता नाही, असा डबा मी बिनखुणेचाच धरते.

आता तीन ढीग करा. अन्नासाठीच बनवलेले आणि कायम अन्नासाठीच वापरलेले डबे एका बाजूला. आधी दुसरं काही भरून आलेली भांडी, म्हणजे रंगाची बादली, डिटर्जंटचा डबा, खताची गोणी, रसायनाचा निळा ड्रम, दुसऱ्या बाजूला. आणि कुठून आलं, कशाचं बनलं हे सांगताच येत नाही असा माल तिसरीकडे: जत्रेतले स्वस्त डबे, काळ्या पिशव्या, पार्सलसोबत आलेली भांडी.

दुसरा ढीग अन्नापासून कायमचा दूर गेला पाहिजे. रंगाच्या बादलीत गहू साठवणं, खताच्या गोणीत ज्वारी भरणं, निळ्या ड्रममध्ये पिण्याचं पाणी ठेवणं हे आपल्याकडे सर्रास चालतं, आणि ते गरजेपोटी चालतं, हे मला ठाऊक आहे. पाणीटंचाईच्या गावात दोनशे लिटरचा स्वस्त ड्रम ही चैन नव्हे. म्हणून ड्रम घेताना निदान दोन गोष्टी पाहा. मूळ लेबल शाबूत आहे का, आणि आत साखरेचा पाक, फळांचा गर यांसारखा खाण्याचा माल होता का. लेबल खरवडलेला ड्रम पिण्यासाठी नको. तो धुण्याभांड्याच्या पाण्याला लावा. ‘कॉस्टिक सोड्याने धुतलाय’ या विक्रेत्याच्या शब्दाने मन मानू नका. कॉस्टिक भिंतीचा पृष्ठभाग धुतं, भिंतीत मुरलेलं काढत नाही.

तिसरी पायरी: काळ्या रंगाकडे वेगळं लक्ष द्या

वेगवेगळ्या रंगांचं भंगार एकत्र वितळवलं की मळकट, करडा दाणा निघतो. तो खपवायचा सोपा मार्ग म्हणजे काळा रंग घालणं. म्हणून बिननावाची काळी वस्तू दिसली की तिच्या पोटात काय काय गेलं असेल, हा प्रश्न आधी विचारावा.

युरोपात आणि अमेरिकेत काळ्या प्लास्टिकचे उलथने, चमचे तपासले तेव्हा काहींत ब्रोमीनयुक्त ज्वालारोधक सापडले. टीव्ही, संगणकाच्या कवचांना आग लागू नये म्हणून घालतात ती ही रसायनं. म्हणजे विजेच्या वस्तूंचं भंगार स्वयंपाकघरात पोचलं होतं. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतल्या अशाच एका अभ्यासाने मोठी खळबळ उडवली. पुढे त्यात गुणाकाराची चूक निघाली: ६० किलो वजनाच्या माणसासाठी अशा एका ज्वालारोधकाची रोजची मर्यादा ४,२०,००० नॅनोग्रॅम यायला हवी होती, ती ४२,००० छापली गेली होती. डिसेंबरमध्ये दुरुस्ती आली. धोका जेवढा सांगितला तेवढा नव्हता, हे खरं. पण उलथन्यात ती रसायनं असण्याचं काहीच कारण नव्हतं, हेही तितकंच खरं. कढईतल्या उकळत्या तेलात बुडणारी वस्तू लाकडाची किंवा स्टीलची असावी. यात खर्च फारसा नाही आणि शंकेला जागा राहत नाही.

मटण-मासळी बांधून देतात त्या पातळ काळ्या पिशवीची गोष्ट आणखी सरळ आहे. महाराष्ट्रात २०१८ पासून प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आहे. केंद्राच्या नियमानुसार ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशवी देशात कुठेच चालत नाही. जी पिशवी बनवणंच बेकायदा आहे, तिचा दाणा कुठून आला याचा कागद कोणी ठेवत नसतो. कोळणीकडे जाताना झाकणाचा डबा न्या. पिशवीतूनच आणावी लागली तर घरी आल्याबरोबर मासळी स्टीलच्या भांड्यात काढा. पिशवीसकट फ्रिजमध्ये ठेवू नका.

चौथी पायरी: गरम पार्सल थांबवा

एकच बदल करायची तयारी असेल, तर हा करा. टपरीवरून पिशवीत बांधून आणलेला चहा, रबर लावलेली सांबाराची पुडी, मिसळीची तर्री या सगळ्यांत ताप, तेल आणि आंबट एकत्र येतात, आणि भोवती मूळ न कळणारं सर्वांत पातळ, सैल विणीचं प्लास्टिक असतं. अर्ध्या तासाचाच प्रवास असला तरी बाकी सगळं विरोधात आहे. दोन पुडाचा डबा घेऊन जाण्याची सवय आपल्या आधीच्या पिढीला होती. ऑफिसात चहा मागवायचा तर किटली आजही चालते.

डबा न्यायचा राहिलाच, तर हॉटेलवाल्या दादांना रस्सा थोडा निवल्यावर भरायला सांगा आणि घरी पोचताच भांड्यात काढा. त्या पार्सलच्या डब्यात मायक्रोवेव्हमध्ये पुन्हा गरम करू नका. पाणी शंभर अंशांच्या पुढे जात नाही, पण तेलाचा तवंग जातो, आणि तो डब्याच्या भिंतीला नेमका कडेनेच टेकलेला असतो. रिकामे डबे धुऊन त्यांत बटणं, स्क्रू, बी-बियाणं ठेवा. जेवण पुन्हा नको.

वर्तमानपत्राबद्दल वेगळं सांगायला नको. त्यात अन्न बांधायला मनाई आहे. मिठाईच्या खोक्याचा मुद्दा मात्र कमी लोकांना माहीत असतो. ती खोकी रद्दीच्या लगद्यापासून बनलेल्या करड्या पुठ्ठ्याची असतात, आणि रद्दीत छपाईच्या शाईतलं खनिज तेल उरतं. स्वित्झर्लंडमधल्या झुरिच प्रांताच्या अन्न प्रयोगशाळेने दाखवून दिलं की हे तेल वाफेच्या रूपाने पुठ्ठ्यातून निघून आतल्या पॉलिथिनच्या पिशवीच्याही पार जातं. तुपातले पेढे खोक्यातच आठवडाभर ठेवण्यापेक्षा घरी आल्यावर डब्यात काढलेले बरे.

पाचवी पायरी: साठवणीचे पदार्थ हलवा

लोणचं, तेल, तूप, कोकमाचं आगळ, चिंचेचा कोळ आणि व्हिनेगर यांना काच किंवा चिनी माती. कोरड्या मसाल्यांतही तेल असतं आणि ते वर्षभर टिकवायचे असतात, म्हणून त्यांनाही काच किंवा स्टील. सगळं एकदम बदलता येत नसेल तर आधी तेल-तूप आणि लोणचं, मग मसाले, आणि पैसे उरले तर लहान मुलांचा डबा. डाळी-साखरेचे चांगले प्लास्टिकचे डबे शेवटी बदलले तरी चालतील.

गोव्यात आणि तळकोकणात आणखी एक गोष्ट पाहिली पाहिजे. हंगामात उर्राक आणि फेणी पाण्याच्या जुन्या बाटल्यांत भरून विकली जाते. फेणीत साधारण ४२ टक्के अल्कोहोल असतं. पाण्यासाठी बनवलेली बाटली एवढ्या अल्कोहोलसाठी तपासलेलीच नसते. आणली तर लगेच काचेच्या बाटलीत ओता. पूर्वी फेणी मोठ्या काचेच्या बुधल्यांत मुरवत, तीच रीत योग्य होती.

रिसायकल केलेल्या पेटबद्दल थोडं

वरचं सगळं वाचून रिसायकल म्हणजे वाईटच, असा समज करून घेऊ नका. २०१८ च्या पॅकेजिंग नियमांनी रिसायकल केलेलं प्लास्टिक अन्नासाठी सरसकट बंद केलं होतं. नंतर भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, २०२२ मध्ये रिसायकल केलेल्या पेटसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्याच वर्षी पर्यावरण मंत्रालयाने प्लास्टिक कचऱ्याच्या नियमांत दुरुस्ती करून कडक पॅकेजिंगमध्ये (बाटल्या, डबे वगैरे) २०२५-२६ पासून ३० टक्के आणि २०२८-२९ पर्यंत ६० टक्के रिसायकल माल वापरण्याचं लक्ष्य ठेवलं. त्यामुळे अशा बाटल्या आता वाढत जाणार.

या कारखान्यांत प्रामुख्याने पेयांच्या बाटल्याच घेतात. त्या दळून गरम अल्कलीत धुतात आणि मग ते तुकडे हवा काढून घेतलेल्या निर्वात पात्रात, दोनशे अंशांच्या आसपास, काही तास तापवतात, म्हणजे मुरलेले पदार्थ उडून जातात. प्रक्रिया खरोखर काम करते का, हे पाहायला मुद्दाम टोल्युइन, क्लोरोफॉर्म, बेंझोफिनोन यांसारखी रसायनं पेटमध्ये मुरवतात आणि शेवटी त्यातलं किती शिल्लक राहिलं ते मोजतात. हे पेटला सोसतं, कारण ते एवढ्या तापमानालाही वितळत नाही. पॉलिथिन त्याच्या कितीतरी आधी वितळून जाईल. म्हणून परवाना असलेल्या कारखान्यातल्या पेटची बाटली मी निःशंकपणे घेईन, आणि ‘पर्यावरणपूरक, रिसायकल्ड’ लिहिलेला बिननावाचा डबा अन्नासाठी घेणार नाही.

घरगुती उद्योग आणि बचत गटांसाठी

तुम्ही लोणची, मसाले, चिवडा, सरबतं विकत असाल तर इथे सावकाश वाचा, कारण जबाबदारी कायद्याने तुमच्यावर आहे. अन्नाला थेट लागणाऱ्या पॅकेजिंगसाठी एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचं अनुरूपता प्रमाणपत्र, म्हणजे माल नियमांत बसतो असा दाखला, व्यावसायिकाजवळ असावा लागतो. बाजारात संवाद साधारण असा होतो: ‘दादा, बरणी फूड ग्रेड आहे ना?’ ‘हो ताई, एकदम.’ तिथे थांबू नका. ‘मग बिलावर तसं लिहून द्या, आणि तपासणीचा रिपोर्ट पाठवा,’ असं म्हणा. जो देतो त्याच्याकडून घ्या, बरणीमागे रुपया जास्त पडला तरी.

कागदावर प्लास्टिकचं भारतीय मानक (आयएस) बघा: पॉलिथिनला आयएस १०१४६, पॉलिप्रोपिलिनला आयएस १०९१०, पेटला आयएस १२२५२. रंगीत माल असेल तर रंगाला आयएस ९८३३ आणि छपाई असेल तर शाईला आयएस १५४९५. कोऱ्या दाण्याचा माल असल्याचं लेखी मागा. बाजारात त्याला ‘व्हर्जिन’ म्हणतात.

मग आयएस ९८४५ प्रमाणे केलेली तपासणी. यात अन्नाऐवजी त्याच्यासारखा वागणारा द्रव वापरतात, आणि इथेच लहान उद्योजक फसतो. साध्या पदार्थांसाठी ऊर्ध्वपातित पाणी, आंबटासाठी ३ टक्के अ‍ॅसिटिक आम्ल, दारूसाठी १० किंवा ५० टक्के इथेनॉल आणि तेलकटासाठी एन-हेप्टेन वापरतात. पुरवठादाराने दाखवलेला रिपोर्ट फक्त पाण्यातला असेल तर तो लोणच्याच्या काही कामाचा नाही. लोणच्याच्या बरणीला आम्ल आणि हेप्टेन या दोन्हींतले रिपोर्ट हवेत. चिवड्याच्या पिशवीला हेप्टेनमधला, कोकम सरबताच्या बाटलीला आम्लातला. तपासणीचं तापमानही वाचा: मुरांबा गरम भरत असाल आणि रिपोर्ट ४० अंशांचा असेल, तर तो तुमच्या मालाचा रिपोर्ट नव्हे.

एकूण उतरणीची, म्हणजे प्लास्टिकमधून उतरणाऱ्या सगळ्या पदार्थांच्या मिळून वजनाची, मर्यादा अन्नाच्या किलोला ६० मिलिग्रॅम किंवा प्लास्टिकच्या चौरस डेसिमीटरला (१० बाय १० सेंटिमीटर) १० मिलिग्रॅम आहे. या दोन आकड्यांचा मेळ तेव्हाच बसतो, जेव्हा १ किलो अन्नाला ६ चौरस डेसिमीटर प्लास्टिक लागतं. आता १० ग्रॅम लोणच्याची ५ बाय ६ सेंटिमीटरची पुडी घ्या. दोन्ही बाजू मिळून ०.६ चौरस डेसिमीटर, म्हणजे किलोमागे ६०, दहापट. जेवढी पुडी लहान, तेवढं प्लास्टिक अंगाला जास्त. लहान पुड्या काढायच्या असतील तर पुडीच्या प्लास्टिकच्या दर्जात काटकसर करू नका.

आणि एक लक्षात असू द्या: ही एकूण मर्यादा फक्त वजन मोजते. उतरलेलं काय आहे, हे ती सांगत नाही. त्यासाठी धातूंच्या आणि विशिष्ट रसायनांच्या वेगळ्या मर्यादा आहेत, जसं अँटिमनीला किलोमागे ०.०४ मिलिग्रॅम आणि डीईएचपी या थॅलेटला (प्लास्टिक मऊ करणाऱ्या रसायनाला) १.५ मिलिग्रॅम. रिसायकल माल मिसळल्याची शंका असेल तर एकूण उतरणीत पास झालेला रिपोर्ट पुरेसा नाही; जड धातूंची तपासणीही सांगा. मुंबईत अंधेरीच्या भारतीय पॅकेजिंग संस्थेत याचं मार्गदर्शन मिळतं. चार बचत गटांनी एकाच पुरवठादाराची बरणी ठरवली तर तपासणीचा खर्च वाटला जातो. नमुने कोरे, न धुतलेले, एकाच लॉटचे द्या, आणि त्या लॉटचा नंबर बिलावर लिहून घ्या.

छापील पिशव्यांचा रोल गुंडाळलेला असतो, तेव्हा बाहेरची शाई आतल्या बाजूला टेकते. नवा रोल उघडल्यावर आतून पांढरं फडकं फिरवून बघा; रंग लागला किंवा थिनरसारखा वास आला तर रोल परत करा.

काचेच्या बरणीकडे वळलात तर झाकण विसरू नका. पत्र्याच्या फिरकी झाकणाच्या आत मऊ कडी (गोल पट्टी) असते, ती बहुधा पीव्हीसीची असते आणि तिला मऊ ठेवणारं रसायन तेलात सहज जातं. तेलाचं लोणचं गळ्यापर्यंत न भरता बोटभर जागा सोडा, बरण्या उभ्याच ठेवा आणि उभ्याच पाठवा, आणि झाकणवाल्याकडूनही त्या कडीचा, तेलकट पदार्थासाठी केलेला रिपोर्ट मागून घ्या.